ट्रामच्या आधी निघालेली वेधशाळा

मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती ७ मे १९०७ रोजी. तिच्या तीन वर्षे आधीच, १९०४ मध्ये, कुलाब्याच्या वेधशाळेने अलिबागला चुंबकीय वेध घ्यायला सुरुवात केली होती. कारण ट्रामच! घोड्यांच्या ट्रामचा वेधशाळेला त्रास नव्हता. घोड्यांच्या जागी वीज येणार म्हटल्यावर मात्र हलणे भाग पडले.

याचे मूळ १८२० सालच्या कोपनहेगनमध्ये आहे. वीज वाहत असलेल्या तारेजवळची होकायंत्राची सुई वळते, हे तिथे ओर्स्टेडने दाखवले. तारेचा सुईला स्पर्शही नव्हता. स्थिर विद्युतभाराभोवती विद्युतक्षेत्र असते. भार वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रही उभे राहते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतक्षेत्र निर्माण होते, ही दुसरी बाजू फॅरडेने १८३१ मध्ये शोधली, आणि पुढे मॅक्सवेलने दोन्ही एका सिद्धांतात बांधली. विज्ञानाचे इतिहास बहुधा याच नामावळीत रमतात. मला कुलाब्याची अडचण अधिक बोलकी वाटते, कारण तिथे हे क्षेत्र कुणाच्या तरी रोजच्या कामाच्या आड आले.

मुंबईत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला. वेधशाळेला टिपायचे असत त्यातले काही दहा नॅनोटेस्लांचे रोजचे चढउतार. आता एक अँपिअर प्रवाह वाहणारी लांब सरळ तार घ्या: तिच्यापासून एक मीटरवरच २०० नॅनोटेस्ला भरतात. ट्रामला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. तो वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो. सगळा रुळांतूनच परतला असता तर दोन्ही क्षेत्रांनी एकमेकांना बरेचसे पुसले असते; पण काही प्रवाह जमिनीत झिरपतो, वाट फुटेल तिकडे जातो. शिवाय गाडी सुटली, थांबली की तो बदलतो. सुया पृथ्वीऐवजी ट्रामचे वेळापत्रक लिहू लागल्या असत्या!

पणाला लागली होती ती १८४६ पासूनची अखंड नोंद. २ सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात कुलाब्याला क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले होते. डोळ्यांनी वाचून टिपलेले ते आकडे अभ्यासक आजही काढून बघतात.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची इमारत लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधवली. पण त्यांची खरी दूरदृष्टी मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. नवे सुरू झाले म्हणून त्यांनी जुने लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळे दोन ठिकाणांमधला फरक हाती आला आणि मालिका सांधता आली. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याचे वेध, त्यांच्या विवेचनासह, मूस यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.