मेलेला गडी उठतो कसा?

अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात भुतांसाठी आणि चालत्या मुडद्यांसाठी वेगळे नियम आहेत. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत जखम भरणारा मंत्र मुडद्याला इजा करतो आणि जखम करणारा मंत्र त्याला बरे करतो. मेलेल्याने पुन्हा उभे राहायचे ते कोणत्या अटीवर, हा प्रश्न आपल्या हुतुतूने त्याच्या फार आधी सोडवला होता.

आमच्या यवतमाळकडे पोरांच्या हुतुतूत गडी बाद होत नसे, मरत असे. मेलेल्याचे काय करायचे, यावरूनच या खेळाचे प्रकार पडले. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, फक्त समोरच्यांना गुण मिळतो. 'गामिनी'त मेलेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक उठतो.

हे तिसरे नाव महाभारताच्या आदिपर्वातले. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) नाटकामुळे कचाची कथा मराठी घरांत पोचली. दैत्यांनी कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात घातली. कच बाहेर यायचा तर गुरूचे पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्यांनी त्याला विद्या दिली, आणि बाहेर आलेल्या कचाने मेलेल्या गुरूला उठवले. संजीवनी जाणणाऱ्यालाही स्वतःला उठवता आले नाही, दुसरा लागला.

खेळातही हेच. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ साली आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवला. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या कबड्डीत संजीवनीचे तत्त्व टिकले, गामिनी मागे पडली.

मला या निवडीचे मोल वाटते, कारण मी पहिल्या झटक्यात मरणाऱ्यांपैकी होतो. गामिनीत माझ्यासारख्याचा बहुतेक डाव बांधावर बसून जाई. संजीवनीत गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने उठतात. म्हणजे जो आधी मेला, त्याचा नंबर आधी. आजच्या नियमांतली आणखी एक बारीक गोष्ट पाहा. चढाई करणाऱ्याने बोनस रेषा ओलांडली तर गुण मिळतो, पण त्या गुणावर कोणी उठत नाही. एका गड्याचे चापल्य संघाची गुणसंख्या वाढवते. मेलेला उठतो तो प्रतिपक्षाचा गडी बाद झाला तरच. सगळा संघ मेला तर समोरच्यांना लोणाचे दोन जादा गुण मिळतात आणि सातही गडी पुन्हा आत येतात.

म्हणजे बाहेर बसलेल्याच्या हाती काहीच नाही. त्याचा जीव आत उरलेल्यांच्या दमावर असतो. म्हणूनच शेवटचा उरलेला गडी चढाईला निघतो तेव्हा बाहेरचे सहाही जण उभे राहून ओरडतात.