'पोलिस ॲक्शन' : एका शब्दजोडीचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास त्याचें जन्मवर्ष विचारिलें, तर तो पुष्कळदां सालाचा आंकडा न सांगतां "पोलिस ॲक्शनच्या आदल्या वर्षींचा" असें उत्तर देतो. ज्यास इंग्रजीचें एक अक्षर येत नाहीं त्याच्याही तोंडीं हे दोन इंग्रजी शब्द घरच्यासारखे रुळले आहेत. मराठवाड्यांतील कालगणनेचा हा जणूं दुसरा शकच होय. परंतु हे शब्द कां योजिले गेले आणि त्यांचा अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो. तो येथें संक्षेपानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोलिसाचें काम चोर धरणें, दंगा मोडणें. तेंही आपल्याच राज्यांत आणि आपल्याच कायद्यानें. परक्याशीं लढावयाचें तें फौजेनें. आतां ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत कोण शिरलें? मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील चिलखती डिव्हिजन, तिचे रणगाडे व तोफा, साह्यास विमानें. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग पडला व बोरी नदीवरील पूल हातीं आला. पुढें जळकोट, उमरगें या वाटेनें फौज हैदराबादेकडे सरकली. ता. १७ रोजीं निजामानें हार मानली व दुसऱ्या दिवशीं त्याचे सेनापति एल इद्रूस चौधरींस शरण आले. लष्करी दप्तरांत या मोहिमेचें नांव 'ऑपरेशन पोलो'. मग यांत पोलिस कोठें होता?

तो कायद्याच्या युक्तिवादांत होता. युद्ध होतें तें दोन राज्यांमध्यें. इंग्रजांचें सार्वभौमत्व संपतांच निजामानें स्वातंत्र्याचा दावा मांडला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारताशीं 'जैसे थे' करार केला, आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजीं सुरक्षा समितीकडे धांव घेतली. अशा वेळीं दिल्लीनें 'युद्ध' म्हटलें असतें, तर निजामाचें वेगळें राज्य मान्य केल्यासारखें झालें असतें. 'पोलिस' म्हणतांच प्रकरण घरचें ठरलें. शिवाय रझाकारांच्या जुलुमानें संस्थानांतील सुव्यवस्था खरोखरच ढासळली होती. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे.

ही शब्दयोजना दिल्लीचीच होती असें मात्र नव्हे. डच सरकारनें इंडोनेशियांतील १९४७ व १९४८ च्या आपल्या स्वाऱ्यांस हेंच नांव दिलें; आणि त्यांतील दुसरीच्या निषेधार्थ जानेवारी १९४९ मध्यें दिल्लींतच आशियाई परिषद भरली! पुढें १९५० सालीं कोरियांतील लढ्यासही अध्यक्ष ट्रूमन यांनीं हेंच वर्णन मान्य केलें. तेव्हां नांवावरून कृत्याची न्याय्यता ठरत नाहीं. डच फौज लोकांचें स्वातंत्र्य हिरावण्यास गेली होती; हैदराबादेंत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेस आधींपासूनच लढत होती. खरा भेद येथें आहे, शब्दांत नाहीं.

तथापि शब्दाचें मोजमाप त्याच्याच अर्थानें करणें प्राप्त आहे. पोलिस म्हणजे सर्वांचा रक्षक. कारवाईच्या वेळीं व नंतर या भागांत मुसलमान रयतेची जी कत्तल झाली, तिच्या चौकशीस पंडित नेहरूंनीं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. सावधपणें केलेल्या अंदाजानुसार २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं, आणि सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता, असें तिनें लिहिलें. हा अहवाल अनेक दशकें अप्रकाशित राहून २०१३ च्या सुमारास अभ्यासकांच्या हातीं आला. रझाकारांनीं छळलेलीं गांवें या जिल्ह्याचीं, तशींच नंतर उजाड झालेलीं घरेंही याच जिल्ह्याचीं.

आज १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतों, तें यथार्थच आहे; मुक्ति झाली, आणि ती लोकांनीं मागितली होती. परंतु 'पोलिस ॲक्शन' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडून ऐकतांना त्यांतील दोन्ही कहाण्या ऐकाव्या. एक विजयाची आहे, ती पाठ्यपुस्तकांत आली. दुसरी सांगणारीं माणसें झपाट्यानें कमी होत आहेत. तीं आहेत तोंवर त्यांस विचारून ती लिहून ठेवणें, हें या जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.