ब्रश कटर

ब्रश कटर हे गवत, झुडपे व उभे पीक कापण्याचे, खांद्याला अडकवून चालवायचे यंत्र आहे. भंडारा या धानउत्पादक जिल्ह्यात बांधीच्या धुऱ्यांवरील गवत काढण्यासाठी व धानकापणीसाठी ते उपयोगी पडते.

इंधन

टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये सहसा वंगणतेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच दट्ट्याला वंगण पुरवते. मिश्रणाचे प्रमाण उत्पादक ठरवतो. ते ५०:१ असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, तर २५:१ असल्यास ४० मिलिलिटर तेल मिसळतात. तेल कमी पडल्यास दट्ट्या जाम होतो. जास्त झाल्यास धूर वाढतो व स्पार्क प्लगवर काजळी धरते.

इंधन उघड्या जागी, इंजिन बंद व थंड असताना भरावे लागते. तणसाच्या ढिगाजवळ ते भरल्यास आगीचा धोका असतो. सांडलेले पेट्रोल पुसून घेतात.

सुरू करण्याची पद्धत

इंधन भरलेल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर, सपाट जमिनीवर यंत्र ठेवतात. पाते कशालाही टेकलेले नसावे. थंड इंजिनासाठी चोक बंद करून, प्रायमरचा फुगा दाबून दोरी ओढतात. इंजिनाने पहिला ठोका देताच चोक उघडून दोरी पुन्हा ओढतात. पात्याने दगड उडत असल्याने इतरांनी १५ मीटर दूर राहणे आवश्यक असते.