मुंबई विद्यापीठ : क्रिकेट

मुंबई विद्यापीठाचा (स्थापना 1857) क्रिकेट संघ आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत खेळतो. मुंबईचे अर्देशीर बारिया यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेला हा करंडक 1935-36 मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी तो पंजाब विद्यापीठाने नेला. पुढे मात्र सर्वाधिक वेळा मुंबईकडे आला. प्रारंभी स्पर्धा क्रिकेट नियामक मंडळाकडे होती, नंतर ती आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाकडे गेली.

खेळाडू : 1957 मध्ये मडगावहून मुंबईत आलेले दिलीप सरदेसाई विल्सन महाविद्यालयाचे. 1959-60 च्या बारिया स्पर्धेत त्यांनी 87 च्या सरासरीने 435 धावा केल्या आणि पुढच्याच हंगामात पुण्यात पाकिस्तानविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघात त्यांची निवड झाली. तिथेही धावा 87.

अजित वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञान शिकत होते. बसमध्ये शेजारचे बाळू गुप्ते भेटले आणि ‘आमच्या संघात बारावा गडी म्हणून येतोस का’ म्हणाले. मोबदला तीन रुपये. पाणी नेण्यासाठी गेलेला हा मुलगा मग खेळूच लागला, अशी हकीगत वाडेकरांनीच सांगितली आहे. बारिया स्पर्धेत त्यांनी 324 धावांची विक्रमी खेळी केली. तो विक्रम 1970 मध्ये झेवियर्सच्या सुनील गावसकरांनी 327 धावा करून मोडला. काही महिन्यांतच तिघेही वेस्ट इंडीजला गेले : वाडेकर कर्णधार, गावसकर 774 धावा, सरदेसाई 642. भारताने तिथे प्रथमच मालिका जिंकली. महाविद्यालयीन क्रिकेटची याहून मोठी पावती नाही. पुढच्या पिढीतले दिलीप वेंगसरकर व रवी शास्त्री पोदारचे, तर संदीप पाटील रुईयाचे.

गोलंदाज : वर उल्लेखिलेले बाळू गुप्ते लेगस्पिनर होते, कसोटी खेळले.

जडणघडण : पावसाळ्यात कांगा लीग (1948 पासून), पाऊस ओसरला की महाविद्यालयीन सामने, असा मुलांचा क्रम. जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, मध्येच उसळतो. तिथे टिकणारा फलंदाज कोरड्या खेळपट्टीवर सहसा घाबरत नाही. 1966-67 पासून विभागवार विद्यापीठ संघांसाठी विझी करंडकही आहे. वयोगटांच्या स्पर्धा वाढल्यावर निवड समितीची नजर तिकडे वळली. बारिया करंडकाचे वजन त्यामुळेच घटले, असे मानणारे पुष्कळ आहेत. नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या संघांकडेही काही जण बोट दाखवतात.

महिला संघ : आंतरविद्यापीठ स्पर्धेत सहभाग.

कार्यक्षेत्र : रायगड जिल्ह्यातील पेण, रोहे, अलिबाग येथील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न. वर आलेली नावे मात्र सगळी शहरातल्या महाविद्यालयांची. गावांकडे चित्र वेगळे : पेण तालुक्यात गडब गावाच्या बाजूला मैदानाचा पहिला मान कबड्डीला. क्रिकेट भातकापणी उरकल्यावर, मोकळ्या शेतात, टेनिसच्या चेंडूवर.