एका क्रियापदाचा इतिहास : रिफॉर्म्ड ईश्वरविचार आणि समकालीन ख्रिस्ती गीत

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.) या पंथाने २०१३ मध्ये ‘ग्लोरी टू गॉड’ हे नवे गीतपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या संपादन समितीने आधी निवडलेले एक गीत अखेरीस नऊ विरुद्ध सहा मतांनी वगळले. गीत होते ‘इन ख्राइस्ट अलोन’. शब्द स्टुअर्ट टाउनएंड यांचे, चाल कीथ गेटी यांची, निर्मितीचे वर्ष २००१. त्याच्या लोकप्रियतेबद्दल कोणाला शंका नव्हती. अडचण एका ओळीची होती. क्रूसावरील मरणाने ईश्वराचा क्रोध ‘सॅटिस्फाय’ झाला, असे ती ओळ सांगते. समितीसमोर प्रथम आलेला पाठ एका बाप्टिस्ट गीतपुस्तकातला होता. त्यात क्रोधाच्या जागी प्रेम आले होते आणि क्रियापदही बदललेले होते. मूळ पाठ वेगळा असल्याचे कळल्यावर बदलासाठी परवानगी मागितली गेली, पण गीतकारांनी ती दिली नाही. मग मूळ ओळीसह गीत घ्यायचे की सोडायचे, एवढाच प्रश्न उरला.

वृत्तपत्रांनी या घटनेचा अर्थ ‘क्रोधी ईश्वराची हकालपट्टी’ असा लावला. समितीच्या अध्यक्ष मेरी लुईस ब्रिंगल यांनी मात्र निदर्शनास आणले की, ईश्वरी क्रोधाचे उल्लेख त्या पुस्तकात इतरत्र भरपूर आहेत. आक्षेप होता तो क्रियापदाला. समीक्षेच्या दृष्टीने या वादातील सर्वांत महत्त्वाचे विधान हेच होय. गीतातला सिद्धांत शोधणारे वाचक बहुधा नामांकडे पाहतात. क्रोध, कृपा, निवड, रक्त असे शब्द सापडले की गीताचा पंथ ठरला, असे ते मानतात. सिद्धांत खरोखर वसतो तो क्रियापदात. क्रिया कोण करतो, कोणावर करतो आणि ती पूर्ण झाली आहे की चालू आहे, यावर सारे अवलंबून असते.

या विशिष्ट क्रियापदाची वंशावळ लांबची आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘पुरेसे करणे’ असा. १०९८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कुर देउस होमो’ या ग्रंथात कँटरबरीच्या ॲन्सेल्मने त्याला ईश्वरविचारात मध्यवर्ती स्थान दिले. मात्र त्याच्या मांडणीत पुरेसे केले जाते ते ईश्वराच्या मानहानीबद्दल; आणि अशी भरपाई हा शिक्षेला पर्याय असतो. एक तर भरपाई, नाही तर शिक्षा. कॅल्व्हिनप्रणीत परंपरेने हा पर्याय मोडून काढला. शिक्षा भोगणे हीच भरपाई, आणि ती दुसऱ्याने भोगली, असे तिने मांडले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत न्यायाची भरपाई आणि क्रोध सोसणे या दोन्ही कल्पना शेजारी शेजारी नांदतात. तथापि त्यांची क्रियापदे वेगळी आहेत : न्यायाची पूर्ती होते, क्रोध सोसला जातो. २००१ च्या गीताने एकीचे नाम आणि दुसरीचे क्रियापद घेऊन त्यांची सांगड घातली. वृत्ताला आणि यमकाला ते सोयीचे होते. गाताना ती सांगड जाणवतही नाही. विचार करू लागल्यावर मात्र न्यायाधीशाच्या आसनावर एक संतप्त व्यक्ती बसलेली दिसू लागते. यातला गमतीचा भाग असा की, ज्या पंथाने गीत वगळले त्याच्या अधिकृत श्रद्धावचनांच्या संग्रहात हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी समाविष्ट आहे. जे वाचण्यास मान्य ते गाण्यास अमान्य का, याचे उत्तर समितीच्या निर्णयातून मिळत नाही.

गाण्याविषयीचा हा संकोच मात्र त्या परंपरेला नवा नाही. कॅल्व्हिनच्या जिनिव्हामध्ये ‘गीतातला ईश्वरविचार’ हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तेथे कवीचे स्वतंत्र गीत उपासनेत नव्हतेच. १५३९ च्या स्ट्रासबुर्ग येथील छोट्या संग्रहापासून १५६२ च्या संपूर्ण स्तोत्रग्रंथापर्यंत गायले गेले ते मुख्यतः दाविदाच्या नावाने चालत आलेल्या १५० स्तोत्रांचे फ्रेंच पद्यरूप. त्यांतील एकोणपन्नास क्लेमाँ मारोची, उरलेली थिओडोर बेझाची. वाद्य नाही, बहुस्वर नाही. सारी मंडळी एका सुरात. शब्द ईश्वराचेच असावेत आणि सुराने त्यांच्यावर कुरघोडी करू नये, ही त्यामागची भूमिका. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १६४० मध्ये छापलेल्या ‘बे साम बुक’पर्यंत ती टिकली. आयझॅक वॉट्सने १७०७ आणि १७१९ च्या आपल्या संग्रहांनी ती फोडली. दाविदाने ख्रिस्ती माणसासारखे बोलावे, असा त्याचा आग्रह होता. कवी उपासनेत आला आणि त्याच्याबरोबर पाठभेदही आले.

अठराव्या शतकातील इंग्रजी वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑगस्टस टॉप्लेडी हा कडवा कॅल्व्हिनवादी. वेस्ली बंधूंच्या, मानवी स्वीकाराला वाव देणाऱ्या मताचा शत्रू. १७७६ मध्ये ‘गॉस्पेल मॅगझिन’मध्ये त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जावरून एक प्रश्नोत्तरी रचली. सेकंदाला एक पाप धरले तर ऐंशी वर्षांच्या माणसाच्या नावे २,५२,२८,८०,००० पापे जमा होतात, असा हिशेब त्याने मांडला. आणि हे ऋण फेडता येणार नाही, या निष्कर्षानंतर ‘रॉक ऑफ एजेस’ हे गीत छापले. हिशेबाची वही बाजूला पडली. गीत मात्र मेथडिस्टांनीही उचलले आणि आजही ते गातात. याच वर्षी टॉप्लेडीने आपल्या गीतसंग्रहात चार्ल्स वेस्लीची गीते घेतली, ती आवश्यक तेथे ‘दुरुस्त’ करून. जॉन वेस्लीने १७८० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तक्रार केली : आमची गीते खुशाल छापा, पण जशीच्या तशी, बदलायचीच असतील तर मूळ पाठ समासात किंवा तळाला द्या. हे लिहिणाऱ्या वेस्लीने स्वतः वॉट्सचे आणि जॉर्ज हर्बर्टचे शब्द बदलले होते, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाकडे पाहावे. १९६० नंतरच्या कॅलिफोर्नियातील येशू-चळवळीतून आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॅरानाथा! म्युझिक’सारख्या संस्थांतून जे समकालीन ख्रिस्ती संगीत उभे राहिले, त्याच्या व्याकरणात कर्ता बहुधा ‘मी’ आहे आणि काळ वर्तमान. मी येतो, मी गातो, मी शरण जातो. त्याला उथळ म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे. बायबलमधील कित्येक स्तोत्रांचा कर्ताही ‘मी’च आहे. तथापि या व्याकरणात जिनिव्हाचा मूळ आग्रह, म्हणजे कर्ता ईश्वर, क्रिया पूर्ण आणि मनुष्य केवळ कर्म, मांडणे अवघड होते, एवढे निश्चित.

त्यावर शोधलेले दोन मार्ग लक्षणीय आहेत. पहिला जुन्या शब्दांना नव्या चाली देण्याचा. नॅशव्हिल येथील बेल्मॉन्ट विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या केव्हिन ट्विट यांच्या भोवती जमलेल्या ‘इंडेलिबल ग्रेस’ या गटाचा पहिला संग्रह २००० मध्ये आला. गिटारवर, लोकसंगीताच्या ढंगाने, शतक-दोन शतकांपूर्वीची गीते. येथे शब्द निवडला जातो, रचला जात नाही. जिनिव्हाची शिस्त वेगळ्या वेषात परत येते, असे म्हणता येईल. दुसरा मार्ग अनपेक्षित होता. फिलाडेल्फियाच्या शाई लिन या रॅप गायकाने २००८ मध्ये ‘द अटोनमेंट’ हा संग्रह केला. त्यातील ‘मिशन अकम्प्लिश्ड’ हे गीत मर्यादित प्रायश्चित्ताच्या सिद्धांताचे, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला या मताचे, उघड मंडन करते. १६१८–१९ च्या डॉर्ट परिषदेने मांडलेल्या मतांपैकी गाण्यात सर्वांत क्वचित आढळणारे हे मत. चार ओळींच्या कडव्यात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मावत नाहीत. रॅपच्या दीर्घ, शब्दबहुल, वादप्रिय घाटात ते सहज मावतात. उपासनागीताला जे तीनशे वर्षांत नीट साधले नाही ते रस्त्यावरच्या या घाटाने साधले. अर्थात मंडळी ते एकत्र गाऊ शकत नाही, फक्त ऐकू शकते. आणि ही काही लहान किंमत नव्हे.

मराठीचा या इतिहासाशी संबंध दूरचा वाटला तरी खरा आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे मुळात कॅल्व्हिनच्याच वंशातले. त्याच मिशनच्या परिसरात १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मात्र न्यायालयाची प्रतिमा टाळून गुरू आणि माता या प्रतिमा निवडल्या आणि अभंगाचा आधार घेतला. भक्तीच्या भाषेत ‘मी’ हाच कर्ता असूनही शरणागती पूर्ण असू शकते, हे त्यांच्या रचनांत दिसते. पाश्चात्य वादाने या शक्यतेचा विचार फारसा केलेला नाही. मराठी बायबलने स्वीकारलेला ‘प्रायश्चित्त’ हा शब्दही असाच अडणारा आहे : धर्मशास्त्रात ते पाप करणाऱ्याने स्वतः घ्यायचे असते, येथे दुसरा घेतो. ‘तारण’ या शब्दात उद्धार आहे आणि सावकाराकडे ठेवलेली वस्तूही. टॉप्लेडीला तो आवडला असता.

मग २००१ ची ती ओळ मराठीत आणायची झाली तर काय करावे? ‘क्रोध शमला’ म्हटले की गावदेवीचा कोप आणि तिला दिलेला बळी आठवतो. समितीतील बहुमताला नेमकी ज्याची धास्ती होती ते चित्र मराठीत न मागता उभे राहते. ‘भरपाई झाली’ म्हटले तर ॲन्सेल्म सुखावतो, पण क्रोधाची भरपाई होत नाही, नुकसानीची होते. ‘समाधान झाले’ यात रागावलेला वडीलधारा माणूस जेवून तृप्त झाल्यासारखा वाटतो. इंग्रजी क्रियापद हे तिन्ही अर्थ एकाच अक्षरसमूहात लपवून ठेवते. मराठी गाणाऱ्याला त्यांतला एक उघडपणे निवडावा लागतो.