गावाला कधी जाणार?

भांडुपमध्ये मार्च संपत आला की जो तो एकमेकांना विचारतो, "गावाला कधी जाणार?" यात 'कुठे' नसतं. ते ठरलेलंच असतं, रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्ग. सिएट, एशियन पेंट्ससारख्या इथल्या कारखान्यांच्या आधाराने जी कोकणी कुटुंबं राहिली, त्यांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे गाव. इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकात मात्र हाच विषय 'व्हेअर'ने सुरू होतो आणि पुढे 'प्लॅन' येतो. आमच्याकडे प्लॅन म्हणजे रिझर्व्हेशन. कोकण रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं.

मुंबईत इंग्रजी शिकवणं सुरू झालं तेव्हा असल्या गप्पांची गरज कुणालाच नव्हती. १८२२ साली इथे शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक सोसायटी निघाली, १८२७ पासून तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. बाळशास्त्री जांभेकर तिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. नेटिव्ह म्हणजे इथला, आणि साहेब नसलेला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलं द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा, मग उलट. व्याकरण पक्कं व्हायचं. (माझ्या मते या पद्धतीला उगाच नावं ठेवतात.) पण ते कागदावरचं इंग्रजी होतं. कारकुनाचं आयुष्य 'आय बेग टु स्टेट'वर निघायचं. रजेचा अर्ज बिनचूक लिहिणाऱ्याला, रजेत काय केलंस, हे इंग्रजीत विचारणारं होतं कोण?

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीवर नेलं. नंतर ते पाचवीवर आलं. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांतही ते पहिलीपासून आणलं. केवढा वाद झाला! मराठी बुडणार म्हणून एक बाजू ओरडत होती. दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांच्या घरात साधा हिशोब होता : कॉन्व्हेंटची फी न भरता पोराला इंग्रजी मिळतंय. मी त्यानंतर दोन वर्षांनी पहिलीत गेलो. इंजिनिअरिंग सगळं इंग्रजीत झालं, डेटाबेसवर तासभर बोलायला अडचण नाही. मीटिंग सुरू होण्याआधीची तीन मिनिटं मात्र कुठल्याच परीक्षेत नव्हती. आणि आपल्या कामाबद्दल, आपल्या हुशारीबद्दल पलीकडच्याचं मत बरंचसं त्या तीन मिनिटांतच होतं.

तिथे आपण म्हणतो, 'माय नेटिव्ह प्लेस'. मुंबईच्या इंग्रजीत हा शब्द रुळलेला आहे, फॉर्मवरही असतो. इंग्लंडमध्ये आपल्या या अर्थाने तो सहसा ऐकू येत नाही. काहीजण म्हणूनच तो टाळायला आणि 'होमटाउन' म्हणायला शिकवतात. मला ते पटत नाही. होमटाउन म्हणजे जिथे वाढलो ते, म्हणजे माझं भांडुप. जिथे आजोबांचं घर आहे आणि मी वर्षातून दोनदा जातो, त्याला इंग्रजीत तयार शब्दच नव्हता. मुंबईकराने तो साहेबाच्याच हिणवणाऱ्या शब्दातून बनवून घेतला.

युरोपातला क्लायंट जुलैत समर प्लॅन विचारतो, तेव्हा इथे धो धो पाऊस असतो आणि मे कधीच सरलेला असतो. मी सांगतो, गणपतीला नेटिव्ह प्लेसला जाणार. तो विचारतो, म्हणजे कुठे? मग मी सांगायला लागतो.