लूपिंग (एकल वादन-गायन)

रंगमंचावर एकटाच कलाकार, आणि ऐकू येतो तो अख्खा वाद्यवृंद. पायाजवळच्या लूप पेडलची ही करामत. कळ दाबताच गिटार किंवा आवाज मुद्रित होतो. पुन्हा दाबताच तोच तुकडा फिरत राहतो आणि त्यावर पुढचे थर चढतात. मात्र दुसऱ्यांदा कळ नेमकी समेवर दाबावी लागते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचे आवर्तन ८ सेकंदांचे. कळ जराशी उशिरा दाबली, तर ती चूक दर आवर्तनात परत येते. खरी परीक्षा पायाचीच.

१९७०च्या दशकात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी दोन टेपरेकॉर्डरांमधून एकच फीत फिरवून असे थर रचले. २००४मध्ये गायिका केटी टन्स्टॉल यांच्या दूरचित्रवाणीवरील सादरीकरणाने हे तंत्र घरोघरी पोहोचवले. भारतात ‘आस्मा’ या पॉप गटातून पुढे आलेल्या गायिका वसुदा शर्मा यांनी ते जोपासले.

नाशिकजवळ २००८पासून भरू लागलेल्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने द्राक्षमळ्यांत लूपिंगसारखी तंत्रे वापरणाऱ्या स्वतंत्र आणि इलेक्ट्रॉनिक संगीताला खुला रंगमंच दिला. भारतीय रसिकाला तर फिरत्या आवर्तनाचे नवल नाही: एकल तबलावादनात हार्मोनियमवरचा लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची सुरावट, तासभर तसाच फिरतो. तिथे तो धरणारा साथीदार असतो आणि वादकाबरोबर लय वाढवतो. बहुतेक साध्या पेडलांना ते जमत नाही.